न्हाणीचं दार कुणाच्या तोंडावर उघडतं?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही तासगावजवळ घर बांधतोय. जागा ४० बाय ६० फूट, रस्ता पश्चिमेला. प्लिंथ (जोतं) झाली, कॉलम उभे आहेत, पंधरा दिवसांत वीटकाम सुरू होईल. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. मी शाळेत शिकवते. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे आणि राबता मोठा. शेती सोसायटीतले लोक, बेदाण्याचे व्यापारी, औषधवाले, बागेतले मजूर असं सकाळी सातपासून कुणी ना कुणी येतच असतं. सीझनला दिवसाला वीस कप चहा सहज होतो.

सध्याच्या भाड्याच्या घरात न्हाणीचं दार हॉलमध्ये उघडतं. मागच्या महिन्यात मुलगी आंघोळ करून पाऊण तास आतच बसून राहिली, कारण बाहेर चार परके पुरुष बसले होते. नव्या नकाशातही बाथरूमचं आणि खालच्या दोन्ही खोल्यांची दारं हॉलमध्येच आहेत, जिनाही तिथूनच. मिस्टरांना त्यांच्या पुण्यातल्या भावासारखं ओपन किचन हवंय. इंजिनियर म्हणतात, पॅसेज काढला की जागा वाया. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, म्हणून त्यांना मागची शांत खोली द्यायचं ठरलंय. मी हॉल आणि आतलं घर वेगळं करूया म्हटलं, तर सगळे म्हणतात, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ माझं चुकतंय का? आता काही बदलता येईल का? नकाशाचा फोटो जोडलाय.

— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर

ताई, तुमचं चुकत नाही. आणि बदलता येईल, पण वीटकामाआधी. एकदा लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, पडलं की प्रत्येक दार सरकवायला पैसे आणि भांडण दोन्ही लागतं.

‘लपवण्यासारखं काय आहे’ हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकतेय. ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सोफ्यावर बसलेला असतो. ओले केस टॉवेलात गुंडाळून चार व्यापाऱ्यांसमोरून जायची वेळ त्याच्यावर येत नाही. तुमच्या मुलीकडे लपवायला काही नव्हतं. तिला न्हाणीतून खोलीत जायचं होतं एवढंच, आणि त्या घराने तिला तशी वाट ठेवली नव्हती.

नकाशा पाहिला. खोल्यांची मापं चांगली आहेत, उजेड-वारा येईल, इंजिनियरने काम मनापासून केलंय. चूक एकच आहे, की बाहेरून आलेला माणूस कुठे थांबणार हे कागदावर कुठेच ठरलेलं नाही. पाच फुटांचा पोर्च, दोन पायऱ्या, दार, की थेट २० बाय १६ चा हॉल. त्या हॉलला मी दारं मोजली. मुख्य दार धरून चार, शिवाय किचनचं मोठं तोंड आणि जिना. म्हणजे सहा वाटा. अशा खोलीत बसायचं म्हणजे एस. टी. स्टँडवर बसल्यासारखं. बसणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं, आतल्यांनाही.

एकदा सासऱ्यांच्या जुन्या घरी जाऊन या. तुमच्या भागातलं जुनं घर म्हणजे पुढे अंगण, मग सोपा म्हणजे पुढची बैठक, मग माजघर म्हणजे घराची मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे परडं, म्हणजे परसदार. प्रत्येक उंबऱ्याशी कुणीतरी थांबायचं. हिशेब सोप्यात व्हायचे, सोयरेधायरे माजघरापर्यंत यायचे, चुलीपाशी घरचीच माणसं. कोकणात सोप्याच्या जागी ओटी, पण क्रम तोच. मोठ्या घराण्यांनी हेच चौकांवर नेलं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, महाबळेश्वरला गेलात तर वाकडी वाट करून पाहा. एकामागून एक चौक ओलांडताना बाहेरचा कलकलाट कसा मागे पडत जातो ते तिथे पायांना कळतं. एकाही दारावर ‘प्रवेश निषिद्ध’ लिहावं लागलं नसेल.

पण जुन्या घराचं कौतुक तेवढ्यावरच थांबवते. त्या उंबऱ्यांवर कोण थांबणार हे कामावरून नाही, जातीवरून ठरायचं. कुणाला अंगणातच उभं राहावं लागे, आणि घरातल्या बायकांना माजघराच्या पुढे येता येत नसे. तो हिशेब आपल्याला नको. आपण फक्त खोल्यांची रांग घ्यायची. बागेतला मजूर आणि बेदाण्याचा व्यापारी दोघं एकाच सोप्यात, सारख्याच खुर्च्यांवर बसतील. आणि तुम्ही मनात येईल तेव्हा तिथे जाऊन बसाल.

तर पहिला बदल, त्या २० फूट लांब हॉलचे पुढचे ८ फूट सोप्याला द्या. १६ बाय ८ चा सोपा आणि मागे १६ बाय १२ चा हॉल. यजमान म्हणतील हॉल लहान झाला. त्यांना सांगा, २० फुटांचा हॉल तुमचा नव्हताच, तो सोसायटीच्या लोकांचा होता. सहा माणसांना टीव्ही बघायला आणि गप्पा मारायला १६ बाय १२ भरपूर. शिवाय तुमचा रस्ता पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर तासगावचं ऊन थेट पुढच्या भिंतीवर येणार. आठ फूट खोल सोपा ते ऊन स्वतःवर झेलतो आणि हॉल गार राहतो. मधल्या नव्या भिंतीखाली प्लिंथ बीम (जोत्यातली तुळई) आहे की नाही ते इंजिनियरला विचारा. नसेल तर खाली काय करायचं ते तो सांगेल, मोठं काम नाही.

सोप्यात एका बाजूला सिमेंटचा कट्टा, दोन-चार खुर्च्या, पंखा, मोबाईल लावायला प्लग आणि कोपऱ्यात बेसिन. आणि बाहेरूनच जाता येईल असं एक शौचालय. हे शेवटचं कुणाला सुचत नाही. चहा पिऊन तासभर बसलेल्या माणसाने विचारलं की त्याला घराच्या पोटातून न्यावं लागतं, आणि मग सोप्याचा काही उपयोग उरत नाही. फक्त ते आतल्या शौचालयाइतकंच चांगलं करा, तीच टाइल, तोच नळ. मजुरांसाठी म्हणून पत्र्याचं दार लावलेलं मी पाहिलंय, तसं नको.

दुसरा बदल बोळाचा, म्हणजे पॅसेजचा. इथे इंजिनियर अडेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते, आणि त्यासाठी आधी माझी फजिती.

स्वतःचं घर बांधलं तेव्हा मीही पॅसेज वाचवला होता. तरुण होते, फुटाफुटाचा हिशेब करण्यात हुशारी वाटायची. तिन्ही खोल्यांची दारं हॉलमध्ये, एक इंच वाया नाही. दहा वर्षं काही वाटलं नाही. मग वडील अंथरुणाला खिळले. त्यांचा पलंग सोफ्यावरून सरळ दिसायचा. पाहायला येणारी माणसं प्रेमाने यायची, सोफ्यावर बसायची आणि बोलता बोलता नजर तिकडे जायचीच. मी दाराला पडदा लावला. बेल वाजली की आतून पहिला आवाज वडिलांचा यायचा, “पडदा ओढ गं.” पुढे त्यांना बोलता येईना, तेव्हा ते बोटाने पडदा दाखवायचे. शेवटी मी ती भिंत फोडून दार बाजूला घेतलं. घरात आजारी माणूस आणि सगळीकडे विटांची धूळ. वाचवलेली जागा किती होती? चाळीस चौरस फूट.

तुमच्याकडे हॉलच्या मागे डावीकडे, म्हणजे न्हाणी आणि मागची खोली यांच्या समोर, ४ बाय ११ चा बोळ निघतो. चव्वेचाळीस चौरस फूट. तुमच्या ठेकेदाराच्या दराने गुणून पाहा आणि तो आकडा मॉड्युलर किचनच्या कोटेशनशेजारी ठेवा. एवढ्या पैशांत न्हाणीचं दार, मागच्या खोलीचं दार आणि जिन्याची पहिली पायरी अशा तिन्ही गोष्टी हॉलमधून उठून आत जातात. मुलगी वरून खाली येईल, न्हाणीत जाईल, परत वर जाईल, हॉलमध्ये कोण बसलंय हे तिला माहीतसुद्धा असायची गरज नाही. कॉलम जिथे आहेत तिथेच राहतात, कारण तुमच्या घरात वजन कॉलम-बीमवर आहे, भिंती नुसत्या भरायच्या. तळमजल्यावरची न्हाणी असल्याने पाइपही जमिनीतूनच जाणार. दार फिरवलं तर ड्रेनेजला धक्का लागत नाही. जिन्याचं मात्र इंजिनियरकडून नीट बघून घ्या. त्याची दिशा उलटी केली तर वरच्या स्लॅबमध्ये जिन्यासाठी सोडायची मोकळी जागा बदलते. स्लॅब अजून पडलेला नाही हे नशीब. आणि नकाशा मंजूर असेल तर हे बदल दाखवून सुधारित नकाशा करून घ्या, पुढे कर्जाच्या वेळी विचारतात.

जिना बाहेरून घ्या, पुढेमागे वरचा मजला भाड्याने देता येईल, असं कुणीतरी सांगेलच. अजून न आलेल्या भाडेकरूसाठी स्वतःच्या मुलांना रोज अंगणातून वर पाठवू नका.

दारांची एक फुकटातली गोष्ट. आपल्याकडे सुतार सवयीने दार जवळच्या भिंतीवर उघडतो. त्यामुळे दार जरासं लोटलं की पूर्ण खोली पलंगासकट समोर येते. बिजागरी दुसऱ्या बाजूला लावली की अर्धवट उघडलेलं दारच आडोसा होतं, आत पाऊल टाकल्याशिवाय पलंग दिसत नाही. चौकट बसवायच्या आधी ठरवायचं, म्हणजे खर्च शून्य. फक्त लाइटचं बटण दारामागे जाणार नाही एवढं इलेक्ट्रिशियनला सांगा.

आता सासूबाई. तुम्ही मायेनेच त्यांना मागची शांत खोली दिलीत, पण मला वाटतं तिथे गफलत होतेय. चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईने कोण आलं, कोण गेलं, कुणाची छाटणी झाली, कुणाच्या मुलीचं ठरलं हे सगळं कानावर घेतलं, तिला शांतता म्हणजे शिक्षा वाटू शकते. प्रत्येकाला एकांत सारखाच हवा असतो असं नाही. मुलीला दार लावायला हवंय, सासूबाईंना कदाचित उघडी खिडकी हवी असेल. पुढची डावीकडची खोली, जी तुम्ही पाहुण्यांसाठी ठेवलीय, ती सासू-सासऱ्यांना द्या आणि तिची एक खिडकी सोप्यात काढा. पलंगावर बसून त्यांना सोप्यातलं ऐकू येईल, वाटलं तर त्या बोलतील, कंटाळा आला तर खिडकी लावतील. सासऱ्यांनाही दहा पावलांत सोपा. या खोलीचं दार हॉलमध्येच राहू दे. त्यांच्या न्हाणीचं दार तीन फुटी, आत-बाहेर पायरी किंवा उंबरा नाही, कमोडशेजारी धरायला दांडा, आणि फरशी खरखरीत. मागची खोली तुम्ही दोघं घ्या. पण हे सगळं करण्याआधी त्यांना विचारा. तुमच्या पत्रात सासूबाईंचे गुडघे आहेत, त्यांचं मत नाही.

ओपन किचनचं काय? यजमानांना खलनायक करू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बंद स्वयंपाकघरात बाई गप्पांतून तुटते, आणि उन्हाळ्यात उकडून निघते ते वेगळंच. पण पुण्यातल्या फ्लॅटला पाहुणे येतात ते आधी फोन करून, तेही रविवारी. तुमच्याकडे सकाळी सातला फोडणीचा ठसका आणि औषधवाल्याचं बिल एकाच खोलीत भेटणार. मी तुमच्या जागी असते तर किचन आणि हॉलच्या मध्ये जेवणाची जागा ठेवली असती, आणि किचन व जेवणाच्या जागेमधली भिंत ओट्यापर्यंतच. त्यावर चार फुटी उघडी खिडकी, सरकत्या काचेची. घरचेच असतील तेव्हा उघडी, गर्दी असेल तेव्हा लावलेली. हॉलमधून पाहिलं तर जेवणाचं टेबल दिसेल, खरकटी भांडी दिसणार नाहीत. आणि ज्या वीस कपांचा हिशेब तुम्ही दिलाय, ते नेणारीची वाटही कमी करा. सोप्याच्या भिंतीत चहाची तयारी ठेवता येईल असं एक कपाट आणि प्लग. इलेक्ट्रिक किटली आहे, सासरे चहा करायला शिकतील.

किचनला मागे परड्यात उघडणारं दार हवंच. दूध, भाजी, सिलिंडर, भांड्याला येणाऱ्या मावशी, सगळ्यांनी पुढून हॉल तुडवत यायची गरज नाही. त्यासाठी बाजूची मोकळी जागा खरोखर मोकळी ठेवा. निम्म्या घरांत तिथे पाण्याची मोटर, जुने टायर आणि द्राक्षाचे क्रेट असतात.

आवाजाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण नजर अडली तरी आवाज आत येतोच. प्लास्टर केलेली नऊ इंची विटेची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते, साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे पलीकडे जेमतेम पुटपुट. पण त्याच भिंतीत पोकळ फ्लश डोअर लावलं तर ते २० सुद्धा मुश्किलीने अडवतं, आणि खाली अर्धा इंच फट असेल तर तेवढंही नाही. म्हणून हॉल आणि बोळाच्या मधल्या दाराला पैसे घाला. भरीव लाकडाचं, चौकटीला रबराची पट्टी, खाली फट झाकणारा ब्रश. आतल्या खोल्यांची दारं साधी चालतील. तुमच्या खोलीची भिंत टीव्हीच्या भिंतीला लागून आहे, तिथे तुमच्या बाजूने कपाट करा. कपड्यांनी भरलेलं कपाट चांगला आवाज खातं. आणि हलक्या ब्लॉकच्या भिंती घालायला ठेकेदार आग्रह करेल. त्या उन्हाला चांगल्या, आवाजाला तेवढ्याच जाडीच्या विटेपेक्षा कच्च्या. निदान ही एक भिंत विटेची करा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. वर्षभर हवा असलेला आडोसा सणाला आड यायला नको. गणेशोत्सवात रथाच्या दिवशी तासगावात कुणाच्या घरी किती माणूस उतरतं ते मी तुम्हाला काय सांगणार! हळदीकुंकू, बारसं, साखरपुडा, त्या दिवशी सगळं घरच सोपा होतं. म्हणून सोपा आणि हॉलच्या मधलं दार चार फुटी, दोन फळ्यांचं घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या. हॉल आणि जेवणाच्या जागेमध्ये भिंत नकोच, हवा तर जाड पडदा. गणपती हॉलच्या पूर्व भिंतीशी बसवलात तर दर्शनाला आलेला माणूस सोपा, हॉल आणि परत असा फिरेल, बोळाचं दार बंदच राहील. आणि घराच्या एखाद्या वाईट दिवशीही चार फुटी दार लागतं. जुनी माणसं हे न बोलता धरून चालायची.

देवघर कुठे हे तुम्ही विचारलं नाहीत आणि वास्तूवाल्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. फक्त ते तुमच्या झोपायच्या खोलीत नको. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला देवासमोर येतात, आणि मग पलंगावरच्या चादरीची घडी सगळ्या गावाला माहीत होते.

आता हे घरात पटवायचं कसं? नकाशा दाखवून वाद घालू नका, नकाशात सगळंच छान दिसतं. रविवारी सगळ्यांना प्लिंथवर घेऊन जा. गवंड्याकडून फक्की, म्हणजे आखायची पांढरी भुकटी, मागून घ्या आणि आत्ताच्या नकाशाप्रमाणे भिंती जमिनीवर आखा, दारांच्या जागी दोन-दोन विटा ठेवा. सोफा येणार तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवून यजमानांना बसवा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांवर असतात, तिथून काय काय दिसतं ते त्यांनाच सांगू द्या. मग मुलाला (मुलीला नको) खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीच्या चौकटीतून खोलीपर्यंत चालत जायला सांगा. हसतील सगळे. हसू द्या. मग फक्की पुसून सोपा आणि बोळ आखा आणि तेच परत करा. माझ्या अनुभवात हा वाद पंधरा मिनिटांच्या वर चालत नाही. इंजिनियरही तेव्हा तिथे असेल तर उत्तम, म्हणजे सोमवारी तुम्हाला निरोप्याचं काम करावं लागणार नाही.

खुर्च्या मात्र दोन न्या. दुसरी सासूबाईंसाठी, सोप्याच्या खिडकीपाशी.